विषाची परीक्षा

धाराशिव जिल्ह्यात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. ‘औषध’ म्हणतात. सोयाबीनला औषध मारायचं, द्राक्षाला औषध द्यायचं. आणि एखाद्या घरात कोणी ‘औषध घेतलं’ असं कानावर आलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. पीक वाचवणं, दुखणं बरं करणं आणि जीव देणं ही तिन्ही कामं एकाच शब्दाच्या पदरात पडलेली आहेत. प्राण्यांवरच्या विषपरीक्षेच्या पर्यायांवरील या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्यांदा तो शब्द आठवला आणि त्यामागोमाग घरातली वडीलधारी माणसं म्हणायची ते वाक्य: विषाची परीक्षा पाहू नये.

सल्ला शहाणपणाचा आहे, पण अर्धाच. परीक्षा कोणीतरी पाहावीच लागते. बाजारात येणारं प्रत्येक रसायन कधीतरी, कोणाच्या तरी अंगावर पहिल्यांदा पडतं. कोणाच्या पडायचं, एवढाच प्रश्न असतो.

कृषी सेवा केंद्रातून कोणतीही बाटली आणा. लेबलावर टोकावर उभा केलेला एक चौकोन दिसेल. वरच्या अर्ध्या भागात इशारा, खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले त्यांनी हा चौकोन ठरवून दिला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून रंग. पण रंग ठरतो कसा? रसायन तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा काढायची. दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवर लावून काढलेल्या मात्रेचे आकडे वेगळे. म्हणजे कळंबच्या दुकानात दिसणारा लाल त्रिकोण कुठल्यातरी प्रयोगशाळेतल्या उंदरांनी मरून रंगवलेला असतो. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा हे सांगितलं की वर्ग क्षणभर गप्प व्हायचा. एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, पण उंदीर कुठं फवारतो?”

हे सबंध पुस्तक त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे असं मी म्हणेन. लेखकांना ते पटेलच असं नाही. त्यांनी सुरुवात प्राण्यांपासून केली आहे, मी पाठीवर पंप घेतलेल्या माणसापासून करतो आहे. पण दोन्ही वाटा शेवटी एकाच बांधावर येतात.

जुन्या राज्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. राजाचं अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावं असं कौटिल्याचं अर्थशास्त्र सांगतं. विष जवळ असेल तर क्रौंचाला धुंदी येते, कोकिळ मरतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, अशी यादीच तिथे आहे. चकोराचं खरं-खोटं चकोर जाणे. पण माणसाआधी दुसऱ्या जिवाने परीक्षा द्यायची ही कल्पना तिथून थेट आपल्या काळापर्यंत चालत आली. मधे अपवाद झाले. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस सशांनंतर स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव घेताना तो प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. पण एकामागून एक नवी रसायनं बाजारात उतरवणाऱ्या शतकाला एक हाफकिन कुठून पुरणार?

आज आपण जिला जुनी पद्धत म्हणतो ती वास्तविक फार जुनी नाही. निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेचं गणित इंग्रज शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ साली मांडलं. विषांची प्रतवारी करावी असा त्यांचा हेतूही नव्हता. डिजिटॅलिससारख्या औषधांचा जोर दर खेपेला कमी-जास्त निघे, तो एकसारखा मोजता यावा म्हणून ही खटपट होती. औषधासाठी केलेली मोजपट्टी विषाला लागली आणि सरकारी टेबलांना फार आवडली, कारण उत्तर एका आकड्यात मिळायचं. पुढे १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी सशाच्या डोळ्यात आणि भादरलेल्या कातडीवर रसायन घालून इजेला गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यामागे दुखरी कारणं होती. १९३० च्या दशकात पापण्यांना लावायच्या एका रंगाने तिकडे बायकांचे डोळे गेले होते. १९३७ साली सल्फाच्या एका पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल वापरल्याने शंभरावर माणसं दगावली होती. (हेच ग्लायकॉल १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं आणि चौदा जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाचा अहवाल त्यावरचाच. तिथे ससा काहीच कामाचा नव्हता. बाटलीतलं रसायन नीट ओळखणारा माणूस हवा होता.) आपल्या कायद्यालाही असाच एक अपघात कारण झाला. १९५८ साली केरळात पॅराथिऑन खाण्याच्या पिठात मिसळलं जाऊन शंभराच्या आसपास माणसं मेली. तिथून सुरू झालेली चौकशी दहा वर्षांनी कीटकनाशक कायद्यापर्यंत पोचली.

तेव्हा ससे आणि उंदीर प्रयोगशाळेत कोणाच्या क्रूर हौसेखातर गेले नाहीत, ही गोष्ट नवख्या वाचकाने आधीच गाठीला बांधावी. ते माणसांच्या प्रेतांमागून गेले. या विषयावरचं बरंच लेखन इथेच घसरतं: एका बाजूला रक्ताळलेल्या डोळ्यांची छायाचित्रं, दुसऱ्या बाजूला ‘मग तुमच्या मुलावर तपासायचं का’ असा दरडावणारा सवाल. या लेखकांनी दोन्ही टाळलं, म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी कबूल झालो.

जुन्या पद्धतीवर खरा घाव दयेने नव्हे, तर हिशेबाने घातला. १९७१ साली वील आणि स्काला या दोघांनी तीच रसायनं वीसेक प्रयोगशाळांकडे पाठवून सशांचे गुण मागवले. एकाने ज्याला जवळजवळ निरुपद्रवी म्हटलं त्यालाच दुसऱ्याने जहाल ठरवलं. त्याआधी गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे १९५७ ते १९६१ या काळात युरोपात हजारो बाळं अधुऱ्या हातापायांनी जन्माला आली होती. त्या औषधाला उंदीर फारसा दाद देत नाही. सशाच्या काही जाती देतात, माकडं देतात. कोणता प्राणी कोणत्या रसायनापुरता माणसासारखा वागेल हे आधी सांगता येत नाही, आणि नंतर कळून उपयोग नसतो.

दयेची धारा वेगळी, पण तिचंही एक शास्त्र आहे. १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज जोडीने तीन गोष्टी मागितल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरलाच तर कमीत कमी वापरा, आणि त्याच्या वेदना कमी करा. लेखकांनी यांना ‘बदली, कपात, कष्टनिवारण’ म्हटलं आहे. ‘बदली’ वाचून मला मास्तरांच्या बदल्या आठवल्या, पण शब्द रुळेल. योगायोग असा की आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेला प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, म्हणजे पुढच्याच वर्षीचा. टाळता येण्यासारखे असतील तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. देखरेखीची समिती आली, १९९८ साली नियम आले, प्रत्येक संस्थेत आचारसमिती आली. कॉलेजातली बेडूक-झुरळांची चिरफाड मात्र त्यानंतरही बराच काळ चालू राहिली. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ती थांबवायला सांगितलं, तोवर माझ्यासारख्यांच्या हातून किती बेडूक गेले याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

या तीन मागण्यांतून पुढे वेगवेगळे पंथ निघाले. पहिला पंथ काटकसरीचा. निम्मे मारण्यासाठी कधी शंभरापर्यंत प्राणी लागत, तिथे एकाला मात्रा द्यायची, जगला तर पुढच्याची वाढवायची, मेला तर उतरवायची, अशी वर-खाली पद्धत आली आणि काम दहाच्या आत भागू लागलं. जुनी कसोटी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००२ अखेर आपल्या यादीतून काढून टाकली. दुसरा पंथ जागेवर जागा भरणाऱ्यांचा: सशाची एक कसोटी काढायची आणि तिच्या जागी काचेतली एक कसोटी बसवायची, पण आधी अनेक प्रयोगशाळांत ती घासून पाहायची. युरोपात १९९१ पासून त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिसरा पंथ यंत्रणा शोधणाऱ्यांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली एकविसाव्या शतकातल्या विषपरीक्षेचा आराखडा काढला. प्राणी कधी मेला हे विचारू नका, पेशीत पहिलं बोट कुठे लागलं ते विचारा, असा त्याचा मथितार्थ. तिथून यंत्रमानवांकरवी सुमारे दहा हजार रसायनं पेशींवर तपासण्याचा उद्योग उभा राहिला. चौथा पंथ संगणकवाल्यांचा. रेणूची ठेवण पाहून, त्याच्या भावकीतल्या आधी तपासलेल्या रेणूंवरून ते अंदाज बांधतात. पाचवा गट संशय घेणाऱ्यांचा. त्यांना पंथ म्हणत नाहीत, पण त्यांच्याशिवाय बाकीच्यांना धार आली नसती.

काचेतली परीक्षा म्हणजे काय ते एकदा नीट पाहू या, कारण बहुतेकांच्या मनात परीक्षानळी आणि निळा धूर एवढंच चित्र असतं. शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी कातडीतल्या पेशी घेऊन एका बारीक जाळीवर पेरतात. खालून खाद्य द्यायचं, वरून हवा लागू द्यायची. दोनेक आठवड्यांत थरावर थर चढतो आणि वर चक्क मेलेल्या पेशींचा कोरडा, कणखर पापुद्रा येतो, आपल्या तळहाताला असतो तसा. आकार नखाएवढा. त्यावर रसायन ठेवायचं, ठरलेल्या मिनिटांनी धुवायचं, पावणेदोन दिवस थांबायचं आणि मग एक पिवळं द्रव्य द्यायचं. जिवंत पेशी ते जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग निम्म्यावर किंवा त्याखाली उतरला की रसायन कातडी जाळणारं किंवा हुळहुळवणारं ठरतं. ट्रेव्हन यांचा निम्मा इथेही आहेच, फक्त तो आता सशांचा नाही. संघटनेच्या यादीत ही कसोटी २०१० साली आली.

अंगावर उठणाऱ्या पुरळाची गोष्ट याहून रसाळ आहे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं गाजर गवत आता आमच्या प्रत्येक बांधावर आहे. खुरपणाऱ्या बायकांना विचारा, पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात-मान पेटते. गाजर गवतातलं पार्थेनिन कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं, शरीराला ते प्रथिन परकं वाटू लागतं, पहारेकरी पेशी खबर घेऊन जातात आणि पुढच्या भेटीत सैन्य तयार असतं. पायऱ्या स्पष्ट आहेत म्हणून प्रत्येक पायरीची वेगळी कसोटी करता आली: रसायन प्रथिनाच्या तुकड्याला चिकटतं का, कातडीच्या पेशी गजर वाजवतात का, पहारेकरी पेशी जाग्या होतात का. तीनपैकी दोन उत्तरं जुळली की निकाल. २०२१ साली या जोडकसोटीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि गिनीपिगची पाठ भादरायचं कारण उरलं नाही. केस रंगवायची मेंदी म्हणून विकली जाणारी पुडी असो की टिकलीचा डिंक, आपल्याकडे याची गरज किती आहे ते कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

डोळ्याचं काय? तिथे खाटिकखान्यातून आणलेले डोळे वापरतात. बैलाचा पारपटल, कोंबडीचा डोळा, दोन्ही २००९ पासून मान्य. आमची उस्मानाबादी शेळी त्या यादीत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजांतली मुलं मात्र थेंब डोळ्यात किती मुरतो हे पाहायला खाटकाकडून शेळीचेच डोळे आणतात. ज्या राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, तिथे शेळीच्या डोळ्यावर कसोटी बसवून, घासून, आंतरराष्ट्रीय यादीत नेणं हे आपल्याच कोणीतरी करायला हवं. दुसऱ्या कोणाला त्याची निकड भासणार नाही.

आता संशयवाल्यांचं. केरळातल्या त्या पॅराथिऑनचंच उदाहरण घ्या. ते बाटलीत असतं तेव्हा तितकं जहाल नसतं. यकृत त्याचं पॅराऑक्सॉन करतं आणि ते मज्जातंतूंच्या सांध्यावरचं विकर बंद पाडतं. मग लाळ, घाम, बाहुल्या आकसणं, श्वास कोंडणं. नुसत्या कातडीच्या पेशींवर किंवा नुसत्या विकरावर पॅराथिऑन तपासलं तर ते साळसूद ठरेल, कारण ताटलीत यकृत नाही. डायफेनथ्युरॉन या कीटकनाशकाची तऱ्हा आणखी वेगळी: सूर्यप्रकाशातही त्याचं कार्बोडायइमाइड होतं आणि तेच पेशीतली ऊर्जेची चक्की थांबवतं. ताटलीत यकृत नाही, तसं ऊनही नाही. २०१० साली हार्वर्डच्या मंडळींनी काचपट्टीवर श्वास घेणारं फुप्फुस केलं, तेव्हापासून यकृत, मूत्रपिंड, आतडं अशा पट्ट्या नळ्यांनी जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण गर्भ वाढताना काय होतं, वीस वर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर काय होतं, या प्रश्नांना ताटली अजून पुरी पडत नाही. आणि एक बोच अशी, की प्राण्यांना वाचवणाऱ्या या पेशींच्या खाद्यात बहुतेक ठिकाणी अजून वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रवच असतो. पर्याय निघाले आहेत, पण महाग आहेत. लेखकांनी हे दोन ओळींत आटोपलं आहे. मी असतो तर दोन पानं दिली असती.

हा विषय आजच का? कारण दारं एकदम उघडली आहेत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची तपासणी भारताने २०१४ साली बंद केली आणि त्याच वर्षी तसा तपासलेला माल बाहेरून आणायलाही बंदी घातली. युरोपाने विक्रीवरची संपूर्ण बंदी आदल्या वर्षी आणली होती. भारतीय औषधकोशाच्या २०१८ च्या आवृत्तीने सशाला टोचून ताप येतो का पाहण्याची जुनी रीत मागे सारली. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांच्या प्रयोगांची सक्ती कायद्यातून काढली. तीनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, आपल्या नव्या औषधांच्या नियमांत पेशींच्या कसोट्या, अवयवपट्ट्या आणि संगणकी प्रारूपं यांना अधिकृत जागा मिळाली. २०११ पासून भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे निकाल आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सगळ्या देशांत चालतात. त्यामुळे इथे केलेली चांगली कसोटी इथेच अडकून पडत नाही.

माणसं आणि जागाही जवळ आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचं विरजण जातं. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत मानवी जीवशास्त्रावर आधारलेल्या जोखीम-मापनाचं केंद्र निघालं, आणि त्याच संस्थेचं एक आवार आता आपल्या मराठवाड्यात जालन्याला आहे. हैदराबादेत सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आश्रयाने मानवी प्रारूपांचं केंद्र निघालं. निजामाच्या काळापासून धाराशिवकराला हैदराबाद परकं नाही. पूर्वी कोर्टकचेरीसाठी जायचे, आता पोरं शिकायला जातात.

पण खरं कारण मला यवतमाळचं वाटतं. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली जात होती. शेकडो माणसं दवाखान्यात दाखल झाली, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. त्या प्रत्येक बाटलीवर चौकोन होता, चौकोनात रंग होता, रंगामागे मेलेले उंदीर होते. परीक्षा रीतसर झालेली होती. फक्त प्रश्नपत्रिका दुसऱ्याच विषयाची होती. उंदराला एक औषध दिलं गेलं, शुद्ध, मोजून, सावलीत. मजुराच्या अंगावर तीन पडली, सदरा भिजून पाठीला चिकटलेला, पंपाचं झाकण गळतं, डोळ्यात घाम. त्या मिश्रणाची परीक्षा जगात पहिल्यांदा त्याच्याच अंगावर झाली. आपण पर्याय म्हणतो तेव्हा सशाच्या जागी काय, एवढंच मनात असतं. या मजुराच्या जागी काय, हेही विचारायला हवं. जुन्या पद्धतीने प्रत्येक मिश्रण तपासायचं म्हटलं तर उंदीर पुरणार नाहीत आणि पैसाही पुरणार नाही. नव्या पद्धतीने शंभर मिश्रणं एका आठवड्यात ताटलीवर पाहता येतील, निदान कोणती मुळीच कालवू नयेत एवढं तरी सांगता येईल. नव्या पद्धतीची माझ्या लेखी सगळ्यात मोठी बाजू ही आहे.

द्राक्षवाल्यांना यातलं काही पदरचे पैसे मोजून कळलं आहे. २०१० साली वेलीची वाढ आवरणाऱ्या सीसीसीच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत लिहोसीनच्या, अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली आणि तेव्हापासून बागायतदाराच्या तोंडी ‘पीपीएम’ बसलं. खाणाऱ्याच्या पोटात रोज किती गेलं तर चालेल हा आकडा साधारणपणे असा निघतो: प्राण्याला ज्या मात्रेने काही झालं नाही ती घ्यायची आणि तिला शंभराने भागायचं. दहा उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहा माणसा-माणसातल्या फरकासाठी. १९५४ साली लेहमन आणि फिट्झह्यू यांनी सुचवलेला हा शंभर अजून जागेवर आहे. खाणाऱ्यासाठी शंभर पदरांचं चिलखत आणि फवारणाऱ्यासाठी, बऱ्याचदा, तोंडाला बांधलेला एक रुमाल.

लेखकांशी माझं भांडण एकाच गोष्टीवर आहे. संगणकावर त्यांचा जरा जास्तच भरवसा आहे. संगणक भावकी ओळखतो, पण ज्या रेणूची भावकीच कोणी तपासलेली नाही तिथे तोही अंदाजपंचे बोलतो आणि आकडा दशांशापर्यंत सांगतो. दशांश पाहिला की कचेरीतला माणूस मान डोलावतो. आकड्याच्या मोहाने शंभर वर्षांपूर्वी एक चूक झाली होती, ती नव्या यंत्रावर परत होऊ नये.

पुस्तकाचा घाट सांगायचा तर हे ना प्रयोगशाळेचं पाठ्यपुस्तक आहे, ना चळवळीचं पत्रक. विज्ञान शाखेतल्या मुलाला, कृषी सेवा केंद्रवाल्याला, लोटे-तारापूरच्या छोट्या कारखानदाराला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला एकाच बाकावर बसवून बोलण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी भाषा घडवावी लागली. देहातली, काचेतली आणि संगणकातली परीक्षा हे तीन शब्द त्यांनी सुरुवातीला ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले. जिथे लोकांचा शब्द होता तिथे संस्कृत शब्द आणला नाही. ‘औषध’ ठेवावं की ‘कीटकनाशक’ यावर आमची दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी शास्त्राच्या पानांत कीटकनाशक आणि माणसांच्या तोंडी औषध असं ठरलं. ज्यांना घाई आहे त्यांनी कातडीचा भाग आधी वाचावा. कायद्याचा भाग कोरडा आहे, तो पावसाळी दुपारी वाचण्यासारखा आहे.

मी हे हस्तलिखित वाचत ओट्यावर बसलो होतो तेव्हा आमच्या शेजारच्या रानात फवारायला येणारा एक जण पाणी प्यायला थांबला. पुस्तक कशाचं म्हणून विचारू लागला. मी त्याला एक चित्र दाखवलं: काचेची छोटी कुपी, मधोमध पडद्यासारखी ताणलेली कातडी, वर औषध, खाली द्रव. वरचं किती खाली उतरतं हे तासातासाला मोजतात. २००४ पासून मान्य झालेली साधी पद्धत आहे, उंदीर लागत नाही.

“ही कातडी कुणाची?” त्याने विचारलं.

“माणसाची. ऑपरेशनात निघालेली, परवानगीने दिलेली.”

“बरं.” तो चित्राकडे पाहत राहिला. “आन् घामेजलेली असते का?”

नाही, ३२ अंशांवर ठेवतात, असं मी सांगितलं. तो हसला, तांब्या खाली ठेवला आणि पंप पाठीवर घेतला. झाकणाखालून एक ओघळ त्याच्या सदऱ्यावर आधीच उतरलेला होता.